अठ्ठावीस अंश

डब्यावरचा आकडा पुन्हा बत्तीस झाला होता. तिने मशीनवरचं कापड तसंच सोडलं, उठली आणि बटण फिरवून आकडा अठ्ठावीसवर आणला. आठवड्यातली ही तिसरी खेप. घरात माणसं दोनच, ती आणि नवरा. तिने हात लावला नव्हता. म्हणजे विचारायचं काही उरलंच नव्हतं.

डबा तिच्या शिवणाच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर होता. जाड थर्मोकोलचा. तळाशी गरम होणारी चटई, कडेला पाण्याच्या दोन बाटल्या, मधोमध ओलसर भुशात अर्धी पुरलेली चार अंडी. एकुलती एक लेक जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिने नऊ वर्षं जिवापाड सांभाळलेली ठिपक्यांची पाल दोन वेळा अंडी घालून मरून गेली, आणि नेमकं तेव्हाच लेकीला दोन महिने बाहेरगावी शिकायला जावं लागलं.

जायच्या दिवशी तिने आईला हाताला धरून सगळं दाखवलं होतं. “अंडी फिरवायची नाहीत. बाटल्या काढायच्या नाहीत, त्या ऊब धरून ठेवतात. आणि अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस, आई. सारखं वर-खाली झालं की आतला जीव टिकत नाही.”

“अठ्ठावीसच का?” बाप दारातून म्हणाला. पाण्याचे मीटर तपासण्यात त्याची नोकरी सरली होती. आकडा दिसला की त्याचं नाक तिथे खुपसलेलंच.

“अठ्ठावीसला माद्या होतात, बाबा. बत्तीसच्या आसपास बहुतेक नर. मला तिची लेक हवीय.”

“काय सांगतेस! नुसतं बटण फिरवून?” तो हसला. हातातला पेपर हलेपर्यंत हसला. “फारच सोपं झालं की मग.”

पुन्हा मशीनवर बसलेल्या आईचा दोरा तुटला होता. तो सुईत ओवायला तिला बराच वेळ लागला.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. “आई, किती?”

“अठ्ठावीस,” ती सांगायची. आकडा जागेवर आणूनच ती फोन घ्यायची, त्यामुळे हे खोटं नव्हतं, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

एकदा चहाच्या वेळी तिने धीर केला. “अहो, त्या डब्याला हात लावू नका.”

“मी कशाला लावू?” त्याने बिस्किट चहात बुडवलं. “आणि लावला तरी काय आभाळ कोसळणार आहे? नर अंगापिंडाने दणकट असतो. पोरगी खूशच होईल बघ.”

तिने कप उचलले आणि विसळून टाकले. ह्या घरात गिळलेल्या गोष्टींत आणखी एक. लेकीला फोनवर सांगावं, असं तिच्या ओठांवर दोनदा आलं. पण बापलेकीत आधीच विस्तव जात नव्हता. कशाला आगीत तेल, म्हणून ती गप्प बसली.

मग बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि तिला दोन दिवस जावं लागलं. परत आली तेव्हा आकडा छत्तीसवर होता. बत्तीसला बहुतेक नर, तर छत्तीसला सगळेच, असा त्याचा हिशेब. डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटलं होतं. अंडी पिवळट पडून एका बाजूने दबली होती. तिने आकडा खाली आणला. अंडी तशीच राहिली.

“किती?” संध्याकाळी लेकीने विचारलं.

“अठ्ठावीस,” ती म्हणाली.

लेक आली ती चपला न काढताच शिवणाच्या खोलीत शिरली. पडदा ओढून तिने एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरलं. आत लालसर शिरा दिसायला हव्या होत्या. नुसता अंधार होता. चौथं अंडं तिने आईच्या छोट्या कात्रीने हलकेच कापलं. आत शेपटी गुंडाळून एक पिल्लू पडलं होतं. डोळे मिटलेले, अंगावर पट्टे उमटायला लागलेले.

“हिची बोटंसुद्धा झाली होती,” लेक म्हणाली.

मग तिने डब्याच्या यंत्रात साठलेली तापमानाची जुनी नोंद काढली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर रेघ वर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. शेवटी ती उंच गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली.

“लाइट सारखी जात-येत होती,” बाप दारातून म्हणाला.

“लाइट गेली की तापमान उतरतं, बाबा. चढत नाही.”

त्याचा आवाज चढला. “चार पालींसाठी बापाला कोर्टात उभं करतेस? नर निघाले असते तर नाचली असतीस!”

लेक आईकडे वळली. “तू रोज अठ्ठावीस सांगत होतीस. तुला माहीत होतं?”

आईने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवून तिला नाही म्हणायला सांगत होता. आजवर ती मान हलली की तिचं तोंड आपोआप मिटायचं. तिने लेकीच्या हातातलं ते फाटकं अंडं काढून आपल्या तळहातावर घेतलं.

“होतं,” ती म्हणाली. “तुझ्या पाठीवरही दोघी होत्या. दोन्ही वेळा मुलगीच आहे हे कळल्यावर ह्यांनी मला गर्भ पाडायला दवाखान्यात नेलं, तेव्हाही मी अशीच गप्प होते.”