गुळगुळीत कानस

चंद्रावतीकाकी ओटीवर बसून गणपतीच्या मुकुटावर काचेचे खडे चिकटवत होती. पेणच्या कारखान्यातून असे मुकुट तिच्याकडे घरी येतात. समोर जितेश सर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन अवघडून बसले होते. रोह्याच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणारा हा माणूस वर्गात तासन् तास बोलतो; इथे मात्र पुड्याचा दोरा सोडत-बांधत होता.

गेल्या थंडीत काकीच्या गोठ्याची कौलं फोडून आकाशातून एक काळा दगड पडला. बघायला आलेल्या सरांनी तो हातात घेताच ओळखला. आणि काकीला सांगितलं काय, तर कुठल्यातरी भट्टीतला जळका गोळा आहे, द्या, टाकून देतो. वर तपासणीला पाठवताना कागदावर लिहिलं, दगड मला शेताच्या बांधावर सापडला. शिकलेला माणूस, म्हणायचं काय!

आता तपासणी झाली होती. सूर्याभोवती फिरणारा एखादा छोटा ग्रह कधीकाळी फुटला, त्याच्या पोटातला हा तुकडा. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजं, त्यांच्या फटींत काळा कार्बन आणि त्या कार्बनमध्ये हिरे. पिठाहून बारीक, सोनाराच्या काही कामाचे नाहीत. पण असा दगड फार क्वचित मिळतो. परवा बाहेरगावचे शास्त्रज्ञ जागा बघायला येणार होते.

सरांनी हे सगळं खाली मान घालून सांगितलं. मग पुडा पुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, त्यांनी विचारलं तर बांधावरच सापडला असं सांगा. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

काकी उठली. आत जाऊन नवऱ्याची लोखंड घासायची कानस घेऊन आली आणि सरांच्या हातात दिली.

"तुमी तवा दगड बघायला यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी दगडावर घासली. नवी कानस, वाया गेली. जळका गोळा नाय, येवढं आमाला तवाच कळलं व्हतं."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं विचारलं, "मग दिलात कशाला?"

"तुमचे हात कापत व्हते. म्हटलं, मास्तरांना लय हवा हाय." काकी पुन्हा मुकुटाशी बसली. "नुसता मागितला असता तरी दिला असता, मास्तर. आता त्या लोकांना काय सांगू, ते तुमीच सांगा."

सर कानशीवरून अंगठा फिरवत राहिले. एकही दात लागत नव्हता.