फळा कोण पुसतं?

“पुसणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय मी आज इथून उठणार नाही,” ठकार सर म्हणाले. म्हणून झाल्यावर आपला आवाज उगाच चढला की काय अशी शंका त्यांना आली आणि ते खाली बघू लागले.

सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरली होती. भांडणाचं मूळ समोरच जिन्याशेजारी टांगलेलं होतं. काळा फळा. ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ एवढंच एरवी त्यावर असायचं. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी त्याचा अर्धा भाग मागून घेतला होता. रोज पहाटे तिथे एक इंग्रजी क्रियापद आणि त्याचे निरनिराळे अर्थ लिहायचे. चारचौघांत त्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नसत, पण खडू हातात आला की माणूस बदलायचा. तरी धास्ती असायचीच. लिहिण्याआधी शब्दकोश पुन्हा पुन्हा उघडायचे. फळ्यावर चूक गेली आणि लोक हसले तर? नोकरीभर ज्याची भीती वाटली, ते म्हातारपणी घडायला नको होतं.

आणि हल्ली कोणीतरी ते सगळं पुसून टाकत होतं. सर लिहून चहाला वर जायचे, पेपर वाचून खाली यायचे, तर अर्धा फळा ओल्या फडक्यानं लख्ख.

“नाव कशाला विचारता? माझंच घ्यायचंय ना, घ्या की,” आमोद म्हणाला. तो सोसायटीचा सेक्रेटरी. एकेकाळचा सरांचाच विद्यार्थी. “आठवीत वर्गाबाहेर काढलंत. आता सोसायटीबाहेर काढा.”

“तेव्हाही मी वर्गात यायच्या आत फळा तूच पुसायचास.”

दोघंतिघं हसले. आमोदचे कान लाल झाले.

“लोकांना पाणी कधी जाणार ते हवंय, सर. तुमची शाळा नकोय. माझा ठराव लिहून घ्या, फळाच काढून टाका. ना रहेगा बाँस, ना बजेगी बाँसुरी!”

फळा गेला तर पहाटे उठायचं कशासाठी, हे सरांना सभेला सांगता येईना.

अध्यक्ष नागोरावांनी हात वर केला. “थांबा हो. सर, आज सकाळी असं काय लिहिलं होतंत, की कोणाला पुसावंसं वाटलं?”

“टेक,” सर म्हणाले, आणि एकाएकी त्यांची जीभ मोकळी झाली. “परीक्षा आपण देतो, इंग्रज ती घेतो. फोटो आपण काढतो, तो घेतो. आपल्याला वेळ लागतो, तोही तो घेतो. मुलाला आपण शाळेत नेतो, तिथंही त्याचं टेकच. दोष तेवढा आपणही अंगावर घेतो आणि तोही घेतो.”

“वा!” मागून कोणीतरी म्हणालं.

आमोद मात्र सरांकडे रोखून बघत होता. “आणि काल काय लिहिलं होतंत, सर?”

सरांची नजर कोऱ्या अर्ध्या फळ्याकडे गेली. “कालचं काल झालं. विषय बदलू नकोस.”

“नाही बदलत. आज सगळ्यांना दाखवतोच.” आमोदनं मोबाइल उंच धरला. “जिन्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आहे. महिनाभर कोण काय लिहितंय आणि कोण पुसतंय, सगळं दिसतं. दुपारी बसून पाहिलंय मी.”

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. सरांच्या पत्नी हेमाताई उभ्या राहिल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं.

“दाखव, आमोद,” त्या म्हणाल्या. “दाखवायचंच असेल, तर दाखव.”

सरांना बरं वाटलं. निदान घरचं माणूस तरी आपल्या बाजूनं उभं राहिलं.

आमोदचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला. तो हेमाताईंकडे बघत होता. त्यांनी नजर खाली घेतली नाही. मग त्यानं मोबाइल खिशात टाकला.

“दाखवायचं काही नाही. मीच पुसत होतो.”

एकच गलका झाला. “मग मघापासून कॅमेऱ्याच्या कसल्या बाता मारत होतास?” नागोराव खेकसले.

“मारल्या. शाळेतला राग होता, तो काढला. लिहा इतिवृत्तात.”

सेक्रेटरीपद त्याला तिथल्या तिथं सोडावं लागलं. फळा राहिला. उठताना सरांना राहवलं नाही. “बाहेर काढलं ते कमीच केलं मी.”

“हो, सर,” आमोद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर हुरूपानं खाली आले. आता पुसायला कोणी उरलं नव्हतं. आज कोणतं क्रियापद घ्यावं? खडू बोटांत फिरवत ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. इतकं साधं, रोजच्या वापरातलं क्रियापद, आणि ते अजून आपण घेतलंच नाही! त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘टेक’. खाली पहिला अर्थ. परीक्षा आपण देतो, इंग्रज ती घेतो.

“अहो, झालं का लिहून?” मागे हेमाताई उभ्या होत्या. “चहा गाळून ठेवलाय. व्हा तुम्ही पुढे, मी दूध घेऊन येते.”

सर जिना चढून दिसेनासे होईपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पदराआडचं ओलं फडकं बाहेर काढलं.