डावा कोपरा

“अजून एक फेर घ्या,” ती भिंतीकडे पाहत म्हणाली. “डाव्या कोपऱ्यातून वारा सुटतोय.”

तिच्या पाठीमागे नवऱ्याच्या कोरणीने चांदीला हलकेच स्पर्श केला. एका फेराने निघते ती केसाच्या दहाव्या भागाएवढी चांदी. पण निघालेली चांदी परत लावता येत नाही. फ्लूटच्या या वरच्या तुकड्यात ओठपट्टीच्या मधोमध एक नखाएवढे मुखरंध्र असते. त्याच्या पलीकडच्या धारेवर फुंकर दुभंगते आणि स्वर होतो. बाकी सारी नुसती नळी.

सत्तावीस वर्षे दोघांचा एकच रिवाज होता. नवरा कोरायचा आणि फुंकायचा. बायको त्याच्याकडे पाठ करून नुसते ऐकायची. डोळ्यांना माया असते, कानांना नसते, असे त्याचे म्हणणे. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसला की बायको ‘झालं’ म्हणून मोकळी होते. म्हणून तिने ‘थांबा’ म्हणेपर्यंत मागे वळायचे नाही.

त्याने फुंकले. स्वर आला, त्याच्या कडेने सुईएवढा फुत्कारही आला.

“तसाच आहे,” ती म्हणाली.

“तिसरा फेर होता हा. कानसेनबाई, आज चांदी बिनसलीय की तुमचे कान?”

“माझे कान धुतल्या तांदळासारखे आहेत. बिनसलंय ते तुमचंच. सकाळी चहासुद्धा सदऱ्यावर सांडलात.”

“कपाला तडा गेलाय त्या.”

ती हसली. मग तिला आठवले, तो कप तिनेच विसळून ठेवला होता. त्याला तडा नव्हता.

भिंतीवर तयार नळ्या ओळीने टांगलेल्या होत्या. खिडकीतून येणारे ऊन त्यांच्यावरून सावकाश सरकत होते. दुपारी वादक येणार होता, आणि हा तुकडा त्याला आजच हवा होता. मापे घ्यायला मेजावर तऱ्हेतऱ्हेची उपकरणे होती, पण अखेरचे माप नवऱ्याच्या ओठांचे. या खोलीतून बाहेर गेलेला प्रत्येक स्वर आधी त्या ओठांनी जोखलेला होता. कोरणारे हात उद्या दुसरे मिळाले असते. ते ओठ मिळाले नसते.

“चौथा,” तो म्हणाला. चांदी पुन्हा खरवडली गेली. पुन्हा स्वर, पुन्हा फुत्कार. या वेळी जरा मोठा.

“आता तर वाढलाच.”

तो काहीतरी पुटपुटला.

“दातातली कोरणी आधी काढा, मग बोला,” ती म्हणाली. हात पुसताना कोरणी दातात धरायची त्याची खोड जुनी होती. “एक दिवस गिळाल, आणि मी लोकांना काय सांगू? माणूस धारदार होता म्हणून?”



“कोरणी मेजावर आहे,” तो म्हणाला. शब्द ओल्या कापडात गुंडाळल्यासारखे जाड येत होते. “दातात काही नाही.”

तिने आपल्या मांडीवरचे हात पाहिले. ते एकमेकांत घट्ट गुंतले होते. केव्हा गुंतले, ते तिला कळले नव्हते. तिने एक हात सोडवला आणि खांद्यावरून मागे पसरला.

“इकडे द्या तो.”

“मी कोरायचं, तू ऐकायचं. आज काय नवीन?”

“द्या म्हणतेय ना.”

चांदीचा तुकडा आधी तिच्या मनगटावर आदळला, मग तळव्यात आला. एरवी डोळे मिटूनही नेम न चुकणारा हात होता तो. तुकडा अजून त्याच्या श्वासाने कोमट होता. ओठपट्टीवर ओलावा होता, नेहमीपेक्षा पुष्कळ. तिने तो पदराने टिपला आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच फुंकर घातली.

स्वर लख्ख उभा राहिला. फुत्काराचा मागमूस नव्हता. फक्त पाहिजे होता त्याहून तो किंचित रुंद होता. चार फेरांपुरता रुंद. ते चारही फेर उगीच घेतले गेले होते. वारा सुटत होता, हे खरे. चांदीतून सुटत नव्हता.

“बघ!” मागून तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, पण त्या ‘ब’वर त्याचे ओठ मिटले नव्हते. “गेला ना वारा? जमलं शेवटी.”

तिने तुकडा मुठीत धरला.

“मग म्हण की, थांबा.”

तो शब्द उच्चारला की तिला मागे वळता येणार होते. तिने तो जिभेवर आणला आणि तिथेच ठेवला. भिंतीवरचे ऊन आणखी एका नळीवर सरकले.

“काय गं, झोपलीस का?”

तिने तुकडा डोळ्यांपाशी उचलला. पट्टीच्या बाकदार चांदीत तिचा खांदा होता, खांद्यामागे खिडकी, मेजावरचा दिवा, आणि दिव्याशेजारी तो, तिच्या शब्दाची वाट पाहत बसलेला. ओठपट्टी कुणाचाच चेहरा सरळ दाखवत नाही. तिथे खिडकीही वाकते, दिवाही वाकतो. हे तिला ठाऊक होते. तिने पट्टी थोडी कलती केली, मग आणखी थोडी.

खिडकीची चौकट सरळ झाली. दिव्याची दांडी सरळ झाली.

चेहरा झाला नाही.