बिनबोभाट

अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्याचा सर्व्हर भगवंतभाऊ अकरा वर्षांपासून सांभाळत होते. रोज साडेदहाला केसपेपरची गर्दी उसळली की तो अडकायचा, आणि रांगेतल्या कुणाला कळायच्या आत भगवंतभाऊ तो मोकळा करायचे.

परवा अमरावतीहून आचल ही नवी कॉम्प्युटर इंजिनिअर आली आणि तिनं सर्व्हरवर पाळत ठेवणारा एक छोटासा प्रोग्राम बसवला. दुसऱ्याच दिवशी साडेदहाला त्यानं दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मोबाइलवर बोंब ठोकली. भगवंतभाऊंनी नेहमीसारखा सर्व्हर सोडवला. साहेबांनी मात्र आचलचं तोंडभर कौतुक करून सगळ्यांना पेढे वाटले.

भगवंतभाऊंच्या घशाखाली पेढा उतरेना. "त्यानं काय केलं वं? नुसता बोंबलला. सोडवलं तं मीनं!"

"हो न काका," आचल म्हणाली, "पण तुमी कधी बोंबललेच नाई."

आज साडेदहाला सर्व्हर अडकला, तेव्हा भगवंतभाऊ हाताची घडी घालून बसून राहिले. रांग पार रस्त्यावर गेली, पेशंट भांडायला उठले, साहेब घामाघूम होऊन धावत आले. तेव्हा कुठे त्यांनी कीबोर्डला हात लावला.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.