काकाले सांगू नको

"तलावावर कायले गेली होतीस?" जमुनाकाकीनं शामकलेच्या हातातली घागर हिसकून घेतली.

"पाणी आणाले."

"आजपासून पाणी मी आणीन. तू एकटी घराबाहेर पाय टाकू नको."

शामकला बारा वर्षांची. आईबाप कॉलऱ्यात गेले, तेव्हा थोरली बहीण वच्छला इथं काकाकडे आली आणि धाकटी शामकला आजीकडे राहिली. यंदा दिवाळीआधी आजीही गेली. केवलरामकाका स्वतः बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला. वाटभर तिला फुटाणे खाऊ घालत होता, मधूनच डोळे पुसत होता.

घरात वच्छला नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती तलावात बुडाली होती. गावानं जाळी टाकली, प्रेत सापडलं नाही. गाळात रुतली असेल म्हणून लोक घरी गेले.

शेजारची निर्मलाबाई धान पाखडता पाखडता एकदा बोलून गेली, "त्या दिवशी तुही काकी तलावाकडून आली ना, तं चिंब ओली होती. केसातून पाणी गळून राहिलं होतं. का झालं म्हणून विचारलं, तं बोललीच नाही. आजपर्यंत नाही बोलली."

तेव्हापासून शामकला काकीच्या हातांकडे पाहायची. रुंद मनगटांचे, कुऱ्हाड धरणारे हात. काकी कधी हसायची नाही. काकानं आमगावच्या बाजारातून जिलबी आणली, तर ती पोरीच्या तोंडाशी गेलेली ओढून उकिरड्यावर फेकायची. लढाईमुळे घासलेट मिळत नव्हतं, घरं लवकर अंधारायची. काकी दार लावून त्याला पाठ टेकायची आणि शामकलेचा पदर स्वतःच्या मुठीत धरून निजायची. अंधारात तो श्वास कानाशी ऐकत शामकला पडून राही. झोप लागली तर आपण सकाळी उठू का, हे तिला कळत नसे.

काका मात्र देवमाणूस. आवाज कधी चढायचा नाही. बाबाची तलावाखालची धानाची बांधी तोच कसायचा. "तुमा पोरींचंच आहे ते," म्हणायचा, "मी तं राखणदार." वच्छला गेली हे त्याचं मन अजून मानत नव्हतं. बाजारात अनोळखी माणूस भेटला की विचारायचा, अशी अशी पोरगी कुठं दिसली काय? लोक हळहळायचे.

माघाच्या पुनवेआधी काकीनं चुलीपुढं हळूच सांगितलं, "उद्या काका शेतावर गेला का निघाचं. कचारगडाकडं."

"जत्रेले?"

"कायले ते विचारू नको. आन् काकाले सांगू नको."

शामकलेच्या हातातली भाकर तशीच राहिली. कचारगडाची रानं तिनं ऐकली होती. तिथं कोणी मेलं, तर जाळी टाकून शोधायलाही कोणी येणार नाही.

काकी जळण आणायला वळली तशी ती गोठ्यात धावली. काका बैलाला पेंढा टाकत होता. ती रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

काकाचा हात थांबला. "कचारगड म्हणाली?"

"हो."

"कोणाच्या घरी?"

"नाही सांगितलं. काका, ती मले मारून टाकीन."

काकानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू जा तिच्यासंगं. मले माहीत आहे असं बोलू नको. मी मागंमाग येतो."

"नक्की येशीन ना?"

"आता तं यावंच लागते, पोरी."

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. सालेकशापर्यंत जत्रेच्या गाड्या होत्या, एका गाडीत जागा मिळाली. पुढं काकीनं लोकांची वाट सोडली आणि रानात शिरली. एका हातात गाठोडं, दुसऱ्यात शामकलेचं मनगट. वाळलेला पाला पायाखाली वाजत होता. शामकला लंगडायला लागली. काटा रुतला म्हणाली, तहान लागली म्हणाली. काकाला गाठता यावं म्हणून जमेल तितकी रेंगाळली.

"चाल भरभर," काकी म्हणायची. तिचा श्वासही फुलला होता. मध्येच थांबून ती कानोसा घ्यायची, तेव्हा शामकला चोरून मागं पाहायची.

उन्हं कलली तेव्हा डोंगराच्या कुशीत गोंडांचा एक टोला, लहानशी वस्ती, लागली. चारदोन झोपड्या, बाकी माणसं जत्रेला गेलेली. शेवटच्या झोपडीपुढं काकी थांबली आणि कुडाचं दार वाजवलं. शामकलेनं डोळे गच्च मिटले. इथंच, तिला वाटलं.

दार उघडल्याचा आवाज आला. पुढं काहीच झालं नाही, म्हणून तिनं डोळे उघडले.

दारात वच्छला उभी होती. उंच झालेली, हाडकुळी, जिवंत. तिनं बहिणीला छातीशी ओढलं, पण नजर काकीच्या खांद्यावरून वाटेकडेच होती.

"काकी, काकाले तं नाही ना समजलं? या बारी तो तलावात ढकलून थांबणार नाही."

"नाही वं." काकी खाली बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोणालेच नाही माहीत."

शामकलेनं मागं वळून पाहिलं. खालच्या वाटेवर काका दिसत होता. एकटाच होता, आणि घाई न करता चढत होता.