बिनछपराच्या गाडीची नावं

दसऱ्याची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, तरी सुलभाताई नवऱ्याच्या गाडीत बसेनात. दिगंबररावांनी निवृत्तीनंतर ती जुनी, बिनछपराची, दोनच सीटांची गाडी दुरुस्त केली होती ती दोघांनी फिरावं म्हणून.

“अगं, अशा गाडीला स्पायडर म्हणतात. पूर्वीच्या हलक्या घोडागाड्या कोळ्यासारख्या दिसायच्या, म्हणून.”

“घरात कोळी दिसला की खुर्चीवर कोण चढतं?”

“मग बार्केटा म्हण. इटलीत छोट्या होडीला म्हणतात.”

“मला पोहता येत नाही.”

“बरं, रोडस्टर. म्हणजे लांबच्या प्रवासाला टिकणारा घोडा.”

लग्नाआधी वडिलांची जीप चालवणाऱ्या सुलभाताई डोक्याला रुमाल बांधून स्टिअरिंगच्या बाजूला आल्या.

“सरका तिकडे. घोड्यावर मी मागे बसत नसते.”

दिगंबरराव शेजारच्या सीटवर सरकले. लिंबं फुटली आणि गाडी एकदाची दोघांना घेऊन निघाली.