गुडघ्याखालचं हाड

"पाऊल वर उचला," डॉक्टर म्हणाले.

फरशीवाल्याने दातओठ खाल्ले. उजवं पाऊल लोंबत होतं तसंच राहिलं.

नव्या इमारतीत तो दिवसचे दिवस उकिडवा बसून फरश्या बसवत होता. एका संध्याकाळी उठला आणि तोंडघशी पडला. गुडघ्याजवळची नस दबली होती.

"नस मेलेली नाही," डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले. "काही महिन्यांत पाऊल उठेल. रोज मालिश करा, रात्री ही पट्टी घोट्याला बांधा. पण गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाड लागतं ना, तिथे चुकूनही आवळू नका. नस कातडीखालीच असते. पुन्हा दबली तर पाऊल कायमचं जाईल."

"नेमकं कुठे? दाखवा ना."

डॉक्टरांनी तिचं बोट त्या हाडावर टेकवलं. फरशीवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. वाकताना ती बरगडी धरून कळवळली.

"बरगडीला काय झालंय?"

"जुनं आहे," ती म्हणाली. फरशीवाला खिडकीबाहेर बघत होता.

घर आता तिच्या शिलाई मशीनवर चालत होतं. तो पाय फरफटत चालायचा, उंबऱ्याला बोटं अडायची, मग शिव्यांची लाखोली. त्या शिव्या दारापर्यंत पोचायच्या, तो नाही. आजीकडे ठेवलेली मुलगी परत आली होती. पहिले काही दिवस ती भिंतीला धरून वावरली, मग जेवताना बडबडू लागली. एकदा तर पोट धरून हसली.

बायको रोज न चुकता मालिश करायची, पट्टी बांधायची. शेजारीण म्हणायची, "अहो, बायको अशी मिळायला नशीब लागतं!" आणि ते खरंच होतं.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी तो ओरडला, "हलला! अगं, अंगठा हलला!"

ती बघत राहिली. अंगठा पुन्हा हलला. तिचे डोळे भरून आले. आतल्या खोलीत मुलगी कविता पाठ करत होती, ती मध्येच थांबली.

"रडतेस काय?" तो खुशीत हसला. "हा पाय एकदा उठू दे. फार तोंड सुटलंय दोघींचं. मग बघतो एकेकीला."

तिने पदराने डोळे पुसले, पट्टी घेतली आणि गुडघ्याखालचं हाड बोटाने चाचपलं.

"आज इतक्या वर? घट्ट होतंय गं."

"आधार नको का?" ती म्हणाली, आणि आणखी एक वेढा आवळला.